अंधार चित्रकाराचा किती आणि काळाचा किती?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. मुलाकडे नेदरलँड्सला गेलात तेव्हा अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये सतराव्या शतकातली चित्रं पाहिलीत आणि ती बहुतेक काळपट वाटली. मुलगा म्हणाला, "तेव्हा वीज कुठे होती?" पण पुढच्या दालनांत अठराव्या शतकातली चित्रं लख्ख, काल रंगवल्यासारखी दिसली, आणि वीज तर तेव्हाही नव्हती. दुसरी गोष्ट, रेम्ब्राँच्या 'नाइट वॉच'वरचा जुना थर काढताहेत असं तिथे कळलं, तर त्याबरोबर मूळ रंगही निघून येत नसेल कशावरून? आणि तिसरी, तुमच्या घरी पणजोबांचं तैलचित्र आहे, तेही काळवंडलंय, ते बटाट्याच्या फोडीने पुसावं का? तिसऱ्याचं उत्तर आधी देतो: पुसू नका. का, ते शेवटी सांगतो, कारण ते समजायला मधलं सगळं लागतं.

तैलचित्रांच्या जतनाचं काम मी सत्तावीस वर्षं करतोय. माझ्याकडे येतात ती बहुतेक वाड्यांतली, संस्थांतली, देवस्थानांतली व्यक्तिचित्रं, एकोणिसाव्या-विसाव्या शतकातली. पण त्यांची रीत सगळी युरोपातली: ताणलेलं कापड, त्यावर अस्तर (म्हणजे रंगाखालचा तळथर), जवसाच्या तेलात खललेले रंग आणि वर व्हार्निश. त्यामुळे काळवंडलेलं चित्र समोर आलं की मी स्वतःला तुमचाच प्रश्न विचारतो. हा अंधार चित्रकाराने घातलेला आहे, की नंतर आलेला? आणि नंतर आलेल्यातला काढता येण्यासारखा किती?

'नाइट वॉच'पासूनच सुरुवात करू. १६४२ मधलं हे चित्र रात्रीचं नाही. कॅप्टन फ्रान्स बॅनिंक कॉक आपल्या नागरी पथकाला निघायची आज्ञा देतोय, तो दिवस आहे. चित्रातच पुरावा आहे. कॅप्टनने पुढे केलेल्या हाताची सावली शेजारच्या लेफ्टनंटच्या पिवळसर अंगरख्यावर पडली आहे. मशालीच्या किंवा कंदिलाच्या उजेडात अशी सावली पडत नाही. ती वरून, डावीकडून येणाऱ्या उन्हाची आहे. 'रात्रीची गस्त' हे नाव रेम्ब्राँने दिलेलं नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीला ते रूढ झालं, म्हणजे चित्रकार जाऊन शंभरहून अधिक वर्षं लोटल्यावर. तोवर व्हार्निशचे थर आणि त्यात बसलेली धूळ-काजळी यांनी चित्र इतकं झाकोळलं होतं, की बघणाऱ्याला ती रात्रच वाटली. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६-४७ मध्ये ते थर उतरवले तेव्हा लोकांना तो दिवस दिसला. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

व्हार्निश म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण बहुतेक गैरसमज तिथेच आहेत. तैलरंग वाळला की त्याचे गडद भाग निस्तेज दिसायला लागतात. नदीतला गोटा ओला असताना कसा रंगदार दिसतो आणि वाळला की पांढुरका पडतो, तसंच. गोटा ओलाच दिसावा म्हणून त्यावर पारदर्शक राळेचा हात फिरवायचा, ते व्हार्निश. त्या काळात त्यासाठी जी राळ फार वापरली जाई ती ग्रीसच्या किओस बेटावरची मस्तकी, आपल्याकडे औषधी दुकानात रूमी मस्तकी म्हणून मिळते तीच. लावल्यावर ती काचेसारखी असते. पण हवा आणि उजेड लागून काही दशकांत पिवळी पडते, मग मधासारखी, मग काढ्यासारखी. अशा थराखाली निळं आकाश हिरवट दिसतं, पांढरी गळपट्टी लोण्याच्या रंगाची होते, आणि गडद भागातले बारकावे बुडतात. डोळ्याला सवय इतकी लवकर होते की पन्नास वर्षं रोज तेच चित्र बघणाऱ्यालाही बदल कळत नाही.

पूर्वी चित्र निस्तेज झालं की जुना थर न काढता वर नवा लावत. असे तीन-तीन, चार-चार थर मी स्वतः उतरवले आहेत. त्यात एकोणिसाव्या शतकातल्या युरोपातल्या संग्राहकांना तो तपकिरी रंगच आवडायला लागला. जुन्या चित्राला सोनेरी झाक हवीच, असं वाटायला लागलं, आणि काहींनी तर मुद्दाम रंग मिसळलेलं व्हार्निश लावून घेतलं. पुढे लंडनच्या नॅशनल गॅलरीने चित्रं साफ केली तेव्हा मोठा ओरडा झाला. लोक म्हणाले, तुम्ही चित्रांचा आत्मा खरवडलात. खरं तर काढली गेली ती राळ होती. तरी त्या ओरड्याला मी हसत नाही. साफसफाईत खरोखर मूळ रंग घालवल्याची उदाहरणं जगभर आहेत, आणि त्या भीतीनेच आमचा व्यवसाय शहाणा केला.

व्हार्निशचं दुसरं काम चित्र जपण्याचं, तेही सांगायला हवं. 'नाइट वॉच'वर १९९० मध्ये एकाने आम्ल फवारलं. पहारेकऱ्यांनी तत्काळ पाण्याने ते निष्प्रभ केलं आणि इजा व्हार्निशपुरती राहिली. रेम्ब्राँच्या रंगापर्यंत ती पोचली नाही.

आता तुमच्या मूळ शंकेकडे. व्हार्निश उतरवलं म्हणजे सतराव्या शतकातलं चित्र अठराव्या शतकातल्यासारखं लख्ख होतं का? नाही. कारण त्यातला बराचसा अंधार चित्रकाराने जाणूनबुजून, फार विचारपूर्वक घातलेला आहे. वीज नसल्यामुळे तो आलेला नाही. त्या चित्रकारांनी उत्तरेच्या मोठ्या खिडकीच्या भरपूर उजेडात बसून काम केलं आहे.

ही गोष्ट रोममध्ये सुरू होते. सान लुइजी देई फ्रांचेसी या चर्चमध्ये काराव्हाज्जोने १५९९-१६०० मध्ये संत मॅथ्यूला येशूने बोलावल्याचा प्रसंग रंगवला. एका अंधाऱ्या खोलीत काही माणसं टेबलाशी पैसे मोजत बसली आहेत, उजवीकडून येशू आत येतो, आणि त्याच्या डोक्यावरून तिरपा उजेड भिंत कापत त्या माणसांच्या चेहऱ्यांवर जातो. बोलावणं शब्दात नाही, उजेडात आहे. हा उजेड दिसायचा तर भोवती अंधार हवाच. आपल्याकडे देवळाच्या गाभाऱ्यात समईच्या ज्योतीत मूर्तीचा फक्त चेहरा दिसतो, तसा हा हिशेब आहे. पूर्वी मी हे केवळ नाट्य समजत होतो. मग प्रत्यक्ष रंगाच्या थरांशी काम करायला लागलो आणि कळलं, की हे नाट्य चित्राच्या अगदी तळातून, अस्तरातून येतं.

कापडावर थेट रंगवलं तर तेल कापडात जिरतं आणि कापड कुजतं. म्हणून आधी सरस आणि मग अस्तर. पंधराव्या शतकातले फ्लेमिश, म्हणजे आजच्या बेल्जियमकडचे, चित्रकार लाकडी फळीवर खडूचं पांढरंशुभ्र अस्तर द्यायचे. वरच्या पातळ, पारदर्शक रंगांतून उजेड आत जाई, त्या पांढऱ्यावर आपटून परत येई, आणि चित्र आतून उजळल्यासारखं दिसे. रुबेन्सने सतराव्या शतकातही ही रीत सोडली नाही. म्हणून पुढच्या वेळी अँटवर्पला गेलात तर बघा, तुमचा 'सतरावं शतक म्हणजे काळपट' हा समज तिथे लगेच मोडेल.

काराव्हाज्जो आणि त्याच्यामागून इटली, स्पेन, नेदरलँड्समधल्या अनेकांनी उलटं केलं. अस्तरच गडद: तांबूस तपकिरी, मातकट, कधी जवळजवळ कॉफीसारखं. पांढऱ्यावर काम करताना सावली रंगवावी लागते, गडद अस्तरावर फक्त उजेड रंगवायचा. सावलीच्या जागी अस्तर तसंच सोडून द्यायचं. कामाला वेग येतो आणि सगळ्या चित्राला एकच सूर मिळतो. माल्टात व्हॅलेट्टाच्या कॅथेड्रलमध्ये काराव्हाज्जोचं १६०८ मधलं संत जॉनच्या शिरच्छेदाचं अवाढव्य चित्र आहे. त्यात माणसं डावीकडे गोळा झाली आहेत आणि उरलेला मोठा भाग केवळ तुरुंगाची रिकामी भिंत, पुष्कळ ठिकाणी अस्तराचाच रंग. एवढी मोकळी जागा तशीच ठेवायला किती धारिष्ट लागलं असेल, याचा विचार मी अजून करतो.

'नाइट वॉच'चं अस्तर तर फारच वेगळं निघालं. रेम्ब्राँने त्यात चिकणमाती आणि वाळूचे कण, म्हणजे क्वार्ट्झ, तेलात मिसळून वापरले. एवढ्या मोठ्या कापडाला ते स्वस्त पडतं, वाकवलं तरी सहज तडकत नाही, आणि रंग गडद तपकिरी मिळतो. अलीकडच्या तपासणीत त्याच्याही खाली शिसंमिश्रित तेलाचा थर सापडला. चित्र लागणार होतं ते नागरी पथकाच्या सभागृहाच्या बाहेरच्या, ओलसर भिंतीवर, तेव्हा ओल कापडात शिरू नये म्हणून ती काळजी घेतली असावी. पावसाळ्यात भिंतींना सुटणारी ओल ज्याने पाहिली आहे त्याला हे लगेच पटेल.

गडद अस्तराची एक किंमत मात्र चित्रकारांच्या लक्षात तेव्हा आली नव्हती. त्यांचा मुख्य पांढरा म्हणजे शिशाचा सफेदा. मडक्यात व्हिनेगर, त्यावर शिशाच्या पट्ट्यांच्या गुंडाळ्या, भोवती घोड्याची लीद, आणि तीन-एक महिने बंद खोलीत. लिदीच्या उबेने व्हिनेगरची वाफ होते, शिसं हळूहळू पांढऱ्या पापुद्र्यांत बदलतं. हा सफेदा तेलाशी संयोग पावून काळाच्या ओघात थोडा थोडा पारदर्शक होत जातो. पांढऱ्या अस्तरावर असेल तर बिघडत नाही. खाली तपकिरी असेल तर ते वर डोकावायला लागतं, आणि मधल्या छटा, म्हणजे उजेड आणि सावली यांच्या मधला सगळा नाजूक प्रदेश, गडदात ओढला जातो. अत्यंत उजळ भाग टिकतो, कारण तिथे रंग जाड असतो. त्यामुळे आज आपण पाहतो ती चित्रं रंगवली तेव्हापेक्षा उजेड-अंधाराच्या जास्त ठळक फरकाची, जास्त नाट्यमय झालेली आहेत. हा अंधार कुठल्याही द्रावणाने निघत नाही. तो रंगाचाच भाग झालेला आहे.

याच पारदर्शकतेमुळे कधी चित्रकाराने बदललेलं मन उघडं पडतं. माद्रिदच्या प्राडो संग्रहालयात वेलाझ्केझने १६३५ च्या सुमारास रंगवलेला चौथ्या फिलिपचा घोडेस्वार आहे. घोड्याच्या मागच्या पायांजवळ उभं राहून नीट बघितलं तर पायांच्या आधीच्या जागा फिकट भुतांसारख्या दिसतात. त्याने पाय हलवले, वरून रंग दिला, आणि तीनेकशे वर्षांनी तो रंग विरला. असे हलवलेले पाय मला फार जवळचे वाटतात. एवढा मोठा माणूसही आपल्यासारखाच चुकून पाहत होता, पुन्हा करत होता.

रंगद्रव्यांचं वय हा तिसरा भाग. यात किती दगाबाज मंडळी होती हे सांगायला लागलो तर रात्र होईल, म्हणून दोन-तीनच सांगतो. स्मॉल्ट नावाचा निळा रंग म्हणजे कोबाल्ट घातलेल्या निळ्या काचेची भुकटी. स्वस्त, म्हणून भरपूर वापरला गेला. तेलात काही दशकांत त्याचा निळा रंग उडतो आणि राखाडी-तपकिरी उरतो. रेम्ब्राँच्या उत्तरायुष्यातल्या चित्रांच्या पार्श्वभूमीत हा स्मॉल्ट आहे. तिथे आज आपल्याला नुसता तपकिरी धूसरपणा दिसतो, पण तेव्हा त्यात थंड निळसर छटा होत्या. पिवळे रंग वनस्पतींपासून केलेले असत, ते उन्हात उडत. डच फुलचित्रांत पानं निळी दिसतात ना? चित्रकाराला पानं निळी हवी नव्हती. निळ्यावर दिलेला पिवळा उडून गेला आणि निळा मागे राहिला.

डच चित्रकार व्हर्मीरची मोत्याच्या डुलाची मुलगी तुम्ही द हेगला पाहिली असेलच. तिच्यामागे काळाकुट्ट अवकाश आहे, आणि तिचं सगळं गूढ त्या काळ्यातच आहे असं लोक मानतात. मॉरित्सहाउस संग्रहालयाने २०१८ मध्ये तिची बारीक तपासणी केली. निघालं असं, की तिच्यामागे हिरवा पडदा होता. चुण्या पडलेला, चकचकीत, गडद हिरवा. नीळ आणि वेल्ड नावाच्या वनस्पतीचा पिवळा यांच्या पारदर्शक थराने तो रंगवला होता. दोन्ही रंग विरले आणि पडदा नाहीसा झाला. तिच्या डोक्याच्या फडक्याचा निळा मात्र साडेतीनशे वर्षांनीही जिवंत आहे, कारण तो अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या लाजवर्द दगडाचा, त्या काळातला सगळ्यात महाग निळा. व्हर्मीरने तो अशा ठिकाणीही वापरला आहे जिथे कुणाला कळलं नसतं. आणि हेच चित्र १८८१ च्या लिलावात दोन गिल्डर तीस सेंटला गेलं होतं, इतकी त्याची दशा झाली होती.

अठराव्या शतकात काय बदललं मग? पहिलं, निळा. १७०६ च्या सुमारास बर्लिनमध्ये प्रशियन ब्ल्यू अपघाताने सापडला. लाजवर्दच्या मानाने अगदी स्वस्त, पण स्मॉल्टसारखा उडून जाणारा नव्हे. कानालेत्तोची व्हेनिसची आकाशं आणि कालव्यांवरचा उजेड बघा, तिथे हाच निळा आहे. दुसरं, अस्तरं उजळ झाली. कानालेत्तोनेच सुरुवात तांबूस अस्तरावर केली आणि पुढे तो फिकट अस्तरांवर आला. तिसरं, चित्रं लागायची जागा बदलली. चर्चच्या वेदीवरून आणि पंचायतीच्या सभागृहांतून चित्र बैठकीच्या खोलीत, पांढऱ्या-सोनेरी भिंतींवर, आरशांशेजारी आलं. तिथे काराव्हाज्जोचा तुरुंग लावून चालला नसता. फ्रागोनारचा १७६७ मधला 'झोका' लंडनच्या वॉलेस कलेक्शनमध्ये आहे. २०२१ मध्ये त्याच्यावरचं पिवळं व्हार्निश उतरवलं तेव्हा त्या मुलीच्या गुलाबी झग्याचा पोत आणि भोवतीच्या झाडीतली निळसर हवा परत मिळाली. म्हणजे अठरावं शतकही व्हार्निशपासून सुटलेलं नव्हतं.

पण तुम्ही ज्या चित्रांना 'काल रंगवल्यासारखी' म्हणालात, ती बहुधा तैलचित्रं नव्हतीच. ती पेस्टल होती. आणि इथे मला थांबायचं आहे, कारण या बाईंचं नाव आपल्याकडे कमी लोकांना ठाऊक आहे. रोझाल्बा कारिएरा, जन्म १६७३, व्हेनिस. तिने सुरुवातीला हस्तिदंतावर लहान चित्रं केली, आणि मग रंगखडूंनी, कागदावर, माणसांचे चेहरे. पेस्टल म्हणजे जवळजवळ निव्वळ रंगद्रव्य, कांडी होण्यापुरता किंचित डिंक. तेल नाही, म्हणून पिवळं पडायला काही नाही. व्हार्निश लावता येत नाही, म्हणून काळवंडायलाही काही नाही. वर काच लावायची, बास. १७२० मध्ये ती पॅरिसला गेली, वर्षभरात सगळ्या शहराला पेस्टलचं वेड लागलं, आणि फ्रेंच अकादमीने तिला सभासद करून घेतलं. बाईमाणसाला हा मान त्या काळी किती दुर्मीळ होता ते सांगायला नको. तिची मोठ्या संख्येने चित्रं आज ड्रेस्डेनला आहेत. आयुष्याच्या अखेरीस तिची दृष्टी गेली. चेहऱ्यावरच्या उजेडाचा एवढा बारीक हिशेब ठेवणारी व्यक्ती शेवटची वर्षं अंधारात राहिली, हे आठवलं की मला वाईट वाटतं.

ड्रेस्डेनलाच लिओतारची 'चॉकलेट आणणारी मुलगी' आहे, १७४४ च्या सुमाराची, चर्मपत्रावरची पेस्टल. तबकातल्या पाण्याच्या पेल्यात खिडकी दिसते. ती बघून या, मग मला कळवा की अडीचशेहून जास्त वर्षं झाली यावर विश्वास बसतो का.

उलट बाजूचं उदाहरण म्हणजे इंग्लंडचे सर जॉशुआ रेनॉल्ड्स, १७६८ मध्ये स्थापन झालेल्या रॉयल अकादमीचे पहिले अध्यक्ष. जुन्या उस्तादांसारखी खोली एका बैठकीत आणायची म्हणून त्यांनी मेण, अंडं, राळ, डांबर एकमेकांत मिसळून पाहिलं. डांबर कधीच पुरतं वाळत नाही. त्यावर दिलेला रंग सुसरीच्या पाठीसारखा फाटतो. गालांसाठी त्यांनी किरमिजी किड्यांचा लाल वापरला, तो उडाला, आणि चित्रातली माणसं हयात असतानाच त्यांचे चेहरे पांढरे पडले. इंग्रज लेखक होरेस वॉलपोलने सुचवलं होतं, की रेनॉल्ड्सना एकरकमी पैसे न देता चित्र टिकेल तोवर वर्षासनाने द्यावेत. रेम्ब्राँची चित्रं रेनॉल्ड्सच्या कित्येक चित्रांपेक्षा शंभर वर्षांनी मोठी असूनही आज जास्त धडधाकट आहेत. वय आणि काळवंडणं यांचं नातं सरळ नाही. पाया कसा घातला, यावर बरंच ठरतं.

आता साफसफाईची खात्री. 'नाइट वॉच'वरून काढायला घेतलेलं व्हार्निश १९७५-७६ मधलं. एका माणसाने सुरीने चित्र फाडलं, त्यानंतरच्या दुरुस्तीतलं. ते उतरवायला नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरुवात झाली. त्याआधी २०१९ पासून पाच वर्षं मुख्यतः तपास चालला होता. हे प्रमाण लक्षात ठेवा: पाच वर्षं बघायचं, मग व्हार्निशला हात लावायचा.

आम्ही काय करतो ते साध्या शब्दांत सांगतो. आधी अंधाऱ्या खोलीत अतिनील दिवा. जुनी राळ त्यात हिरवट चमकते, आणि नंतर कुणी वरून रंगवलेलं असेल तर ते काळ्या डागांसारखं दिसतं. मग सूक्ष्मदर्शक. मग कडेच्या, नजरेत न येणाऱ्या जागी, टाचणीच्या डोक्याएवढ्या भागावर द्रावणाची चाचणी. अगदी सौम्य द्रावणापासून एकेक पायरी वर. तत्त्व एवढंच, की राळ विरघळेल पण वाळलेला तैलरंग विरघळणार नाही अशी पायरी शोधायची. ती सापडली की कापसाचा बोळा, गोल फिरवत, रुपयाएवढा भाग. बोळा पिवळा आला तर व्हार्निश. त्यात लाल-निळ्याचा अंश दिसला की त्या क्षणी थांबायचं. साध्या मळासाठी कित्येकदा थुंकी वापरतात, हसू नका, त्यातली पाचक द्रव्यं मळ सोडवतात आणि ती अगदी सौम्य असते. मला सगळ्यात भीती काळ्या-तपकिरी भागांची वाटते. शेवटी दिलेले ते पातळ थर कधी राळेतच कालवलेले असतात, आणि राळेबरोबर निघून येतात. म्हणून कधीकधी थोडं पिवळं व्हार्निश मुद्दाम राहू देणं हाच योग्य निर्णय असतो. चित्र कोरं करकरीत दिसलं पाहिजे असा हट्ट मी कुणाचा चालू देत नाही.

आणि वरचा थर चित्रकाराचाच की दुसऱ्याचा, हे कसं ठरवतात त्याचं सुंदर उदाहरण ड्रेस्डेनचं. व्हर्मीरची उघड्या खिडकीशी पत्र वाचणारी मुलगी. तिच्यामागची भिंत मोकळी होती. १९७९ मध्ये क्ष-किरणांत दिसलं, की त्या भिंतीखाली मदनाचं मोठं चित्र दडलेलं आहे. सगळे समजत होते व्हर्मीरनेच विचार बदलून ते झाकलं. २०१७ मध्ये काम सुरू झालं, तेव्हा रंगाचा सूक्ष्म छेद तपासला. मदन आणि वरची भिंत यांच्यामध्ये व्हार्निशचा आणि मळाचा थर निघाला. मळ बसायला काही दशकं लागतात. म्हणजे भिंत रंगवली ती व्हर्मीर १६७५ मध्ये वारल्यानंतर, दुसऱ्याच कुणीतरी. एका मळाच्या थराने चाळीसएक वर्षांचा गैरसमज सोडवला. तो वरचा रंग द्रावणाने काढणं धोक्याचं होतं, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली शस्त्रक्रियेच्या सुरीने कणाकणाने खरवडला. २०२१ मध्ये मदन पूर्ण दिसला. आता त्या मुलीच्या हातातलं पत्र कसलं आहे याबद्दल शंका राहिली नाही. मला स्वतःला ती मोकळी भिंत आवडायची. पण ती व्हर्मीरची नव्हती, तेव्हा माझ्या आवडीला तिथे जागा नाही.

आपल्या मुलखात ही रीत आली तीही याच शतकांत. गोव्यात पोर्तुगीज व्हाइसरॉयांच्या व्यक्तिचित्रांची मालिका १५४७ मध्ये सुरू झाली. जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात ती बघताना लक्षात ठेवा, की दमट हवेने बिघडलेली ती चित्रं वारंवार वरून रंगवली गेली आहेत, त्यामुळे एकाच चेहऱ्यावर दोन-दोन शतकं बसलेली असू शकतात. पुण्यात स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स १७९० च्या दशकात ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स मॅलेटच्या आश्रयाने आला, आणि सवाई माधवराव पेशवे, नाना फडणवीस, महादजी शिंदे यांची तैलचित्रं त्याने केली. सवाई माधवराव आणि नानांचं १७९२ मधलं मोठं चित्र आज लंडनला रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. वेल्सबरोबर काम केलेल्या गंगाराम चिंतामण तांबट या पुण्याच्या चित्रकाराची रेखाटनं अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. मुंबईत राहणाऱ्यांना जुनी युरोपीय तैलचित्रं बघायला एवढं लांब जायला नको. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातली चित्रं आहेत. समोरून बघून झालं की बाजूला सरकून तिरप्या नजरेने बघा, व्हार्निशची चमक, तडे, जाड रंगाचे उंचवटे, सगळं दिसायला लागतं.

आता पणजोबा. बटाटा, कांदा, लिंबू, पाव, खोबरेल, जवसाचं तेल, यातलं काहीही नको. बटाट्याचं पाणी तड्यांतून अस्तरात शिरतं, अस्तरातला सरस फुगतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात रंगाचे पापुद्रे सुटतात. मागे राहिलेल्या पिठूळ अंशावर पावसाळ्यात बुरशी धरते. तेल लावलं तर आठ दिवस चित्र ताजं दिसतं आणि मग तेच तेल धूळ धरून असं काळं होतं, की ते काढताना खालचा रंग धोक्यात येतो. एका घरी बटाट्याने पुसलेलं आजीबाईंचं चित्र माझ्याकडे आलं होतं. नथ शाबूत होती, गाल निम्मा गेला होता. उरलेलं स्थिर करण्यापलीकडे मला काही करता आलं नाही.

तुम्ही एवढंच करा. खिडकीजवळ नेऊन चित्र तिरप्या उजेडात बघा. रंगाचे पापुद्रे उठलेले असतील तर कुंचलासुद्धा फिरवू नका. नसतील तर अगदी मऊ, कोरड्या, नव्या कुंचल्याने वरची धूळ खाली झटका. बाहेरच्या, ओल येणाऱ्या भिंतीवर चित्र असेल तर आतल्या भिंतीवर न्या, आणि चौकटीमागे बुचाचे दोन तुकडे चिकटवा म्हणजे मागे हवा खेळेल. देवघराच्या धुरापासून आणि थेट उन्हापासून लांब ठेवा. समोरून, मागून आणि सहीच्या जागेचे फोटो काढा. मागच्या कापडावर काही लिहिलेलं, शिक्का किंवा कागद असेल तर तो काढू नका, चित्राचं वय बहुधा तिथूनच कळतं. ते फोटो मला पाठवा, मग पुढचं बोलू.